संशोधन वाढलं की फक्त गाव बदललं?

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल. संशोधनावर पैसे खर्च करणाऱ्या कंपन्यांना सरकार करात सवलत देतं, त्या सवलतीचा इतिहास आपण बघणार आहोत. विषय करसल्लागारांचा वाटतो खरा. पण त्याच्या आत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो तुमच्या-माझ्या खिशाशी थेट जोडलेला आहे. सरकार जेव्हा कंपनीचा कर माफ करतं, तेव्हा त्या पैशातून देशात नवं काही घडतं का? की जे कुठेतरी घडणारच होतं, ते फक्त एका गावातून उठून दुसऱ्या गावात जातं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला सगळ्यात चांगली प्रयोगशाळा म्हणजे अमेरिका. तिथे केंद्र सरकारने ही सवलत दिली, आणि पाठोपाठ राज्यांनीही आपापली सवलत सुरू केली. पन्नास राज्यं, चाळीसहून अधिक वर्षं आणि भरपूर आकडेवारी. आधी ती गोष्ट बघू, मग आपल्याकडे येऊ.

सवलत द्यायचीच कशाला?

पहिला प्रश्न साहजिक आहे. कंपनी संशोधन करते ती स्वतःच्या फायद्यासाठी. मग त्यात जनतेचा पैसा का घालायचा?

याचं उत्तर अर्थशास्त्रज्ञांनी १९५० आणि ६० च्या दशकात नीट मांडलं. रिचर्ड नेल्सन यांनी १९५९ मध्ये आणि केनेथ अॅरो यांनी १९६२ मध्ये. म्हणणं साधं आहे. ज्ञानाला कुंपण घालता येत नाही. एका कंपनीने वर्षानुवर्षं खपून एखादी नवी पद्धत शोधली, की काही काळाने ती शेजारच्या कंपनीला कळते. तिथला इंजिनिअर नोकरी बदलतो, बाजारात आलेली वस्तू कोणीतरी उघडून बघतो, पेटंटची मुदत संपते. संशोधनाचा सगळा खर्च एकाचा, पण फायदा अनेकांचा. त्यामुळे कंपनी हिशेब करते तेव्हा तिला स्वतःच्या वाट्याचाच फायदा दिसतो आणि समाजाला जेवढं संशोधन हवं असतं त्यापेक्षा कमी संशोधन होतं. ही तूट भरून काढायला सरकारने थोडा भार उचलावा, असा हा युक्तिवाद.

हा युक्तिवाद लक्षात ठेवा, कारण पुढे तोच राज्यांच्या सवलतीवर उलटणार आहे.

आता दोन शब्द नीट समजून घेऊ. एक वजावट आणि दुसरा टॅक्स क्रेडिट. वजावट म्हणजे करपात्र उत्पन्नातून रक्कम वजा करायची. कराचा दर ३० टक्के असेल, तर १०० रुपयांच्या वजावटीने कर ३० रुपयांनी कमी होतो. टॅक्स क्रेडिट म्हणजे थेट करातूनच रक्कम वजा. १०० रुपयांचं क्रेडिट म्हणजे कर १०० रुपयांनी कमी. एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

१९८१ : धुक्यातली सही

अमेरिकेत पहिलं पाऊल १९५४ सालचं. त्या वर्षीच्या करसंहितेत कलम १७४ आलं आणि कंपन्यांना संशोधनाचा खर्च त्याच वर्षी पूर्णपणे उत्पन्नातून वजा करायची मुभा मिळाली. एखादं यंत्र घेतलं की त्याचा खर्च अनेक वर्षांत विभागून दाखवावा लागतो. संशोधनाला तो नियम लावला नाही, एवढाच फायदा.

१९७० च्या दशकात अमेरिकेला घाम फुटला होता. जपानच्या गाड्या, जपानचे टीव्ही, जपानच्या मेमरी चिप्स. आपण मागे पडतोय ही भावना वॉशिंग्टनमध्ये दोन्ही पक्षांत होती. १३ ऑगस्ट १९८१ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी कॅलिफोर्नियातल्या आपल्या डोंगरावरच्या रँचवर, दाट धुक्यात बसून, एका मोठ्या करकपात कायद्यावर सही केली. त्या कायद्याच्या पोटात संशोधनाचं टॅक्स क्रेडिट होतं. दर २५ टक्के.

पण २५ टक्के कशावर? इथे कायदा करणाऱ्यांनी शहाणपणा दाखवला होता. सगळ्या खर्चावर क्रेडिट दिलं, तर कंपनी जे करणारच होती त्यासाठीही पैसे दिल्यासारखे होतील. म्हणून त्यांनी ठरवलं की आधीच्या तीन वर्षांची सरासरी काढायची, आणि यंदाचा खर्च त्या सरासरीपेक्षा जितका जास्त, तेवढ्यावरच क्रेडिट. म्हणजे सवलत फक्त वाढीव संशोधनाला.

कागदावर उत्तम. आता गंमत बघा. कंपनीने यंदा एक डॉलर जास्त खर्च केला. तिला २५ सेंट मिळाले. पण तो एक डॉलर पुढच्या तीनही वर्षांच्या सरासरीत शिरला. सरासरी तीन वर्षांची, म्हणून दरवर्षी ती एक तृतीयांश डॉलरने वर गेली. म्हणजे पुढची तीन वर्षं दरसाल सव्वाआठ सेंटच्या आसपास क्रेडिट कमी. तीन वर्षांची बेरीज करा : २५ सेंट. उजव्या हाताने दिलेले पैसे डाव्या हाताने परत घेतले! कंपनीला उरलं काय, तर पैसे आधी मिळाले आणि नंतर गेले, तेवढं व्याज. अर्थशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं, आणि १९८९ मध्ये कायदा बदलून मोजणीचा पाया जवळजवळ स्थिर केला. १९८४ ते १९८८ या काळात कंपनीच्या विक्रीच्या तुलनेत संशोधनाचं प्रमाण किती होतं, ते आधाराला घेतलं.

आणखी एक अडचण होती. ही सवलत तात्पुरती होती. १९८५ अखेर संपणार होती. १९८६ मध्ये दर २० टक्क्यांवर आला, संशोधन कशाला म्हणायचं याची व्याख्या कडक झाली, आणि मुदत वाढली. मग पुन्हा वाढली. असं करत करत पंधराहून अधिक वेळा मुदतवाढ मिळाली. मध्ये जुलै १९९५ ते जून १९९६ असं एक वर्ष तर सवलतच नव्हती. औषध शोधायला दहा-बारा वर्षं लागतात, आणि सवलत मात्र वर्ष-दोन वर्षांच्या बोलीवर. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये काँग्रेसने ती कायमची केली. नवख्या कंपन्यांची एक जुनी तक्रारही तेव्हा ऐकली गेली. नफाच नाही तर कर नाही, आणि कर नाही तर क्रेडिट कशातून वळतं करणार? २०१५ च्या बदलात छोट्या नव्या कंपन्यांना वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंतचं क्रेडिट कर्मचाऱ्यांच्या पगारावर कंपनीला भराव्या लागणाऱ्या करातून वळतं करायची सोय मिळाली.

मिनेसोटा पहिलं, मग रांग लागली

केंद्राच्या पाठोपाठ राज्यं उतरली. अमेरिकेत बहुतेक राज्यांचा स्वतःचा कंपनी उत्पन्नकर असतो, त्यामुळे राज्यही टॅक्स क्रेडिट देऊ शकतं. पहिलं राज्य मिनेसोटा, साल १९८२. मिनेसोटा म्हणजे उत्तरेकडचं थंडीचं राज्य. पण तिथे थ्रीएम होती, हनीवेल होती, पेसमेकर बनवणारी मेडट्रॉनिक होती आणि एकेकाळी जगातले सगळ्यात वेगवान संगणक बनवणारी कंट्रोल डेटा होती. या कंपन्या आपल्याकडेच राहाव्यात, वाढाव्यात, ही राज्याची इच्छा. छोट्या कंपन्यांना झुकतं माप म्हणून पहिल्या २० लाख डॉलरच्या वाढीव खर्चावर दर जास्त आणि त्यापुढे कमी ठेवला.

राज्याच्या सवलतीत एक अट असते. संशोधन राज्याच्या हद्दीत झालं पाहिजे. अट रास्त आहे. मिनेसोटाच्या करदात्याने ओहायोतल्या प्रयोगशाळेला पैसे का द्यावेत? पण या एका अटीने सवलतीचा स्वभावच बदलला. केंद्राचा प्रश्न होता, 'तू जास्त संशोधन करशील का?' राज्याचा प्रश्न झाला, 'तू आमच्याकडे संशोधन करशील का?'

कॅलिफोर्निया १९८७ मध्ये उतरलं, ८ टक्के दराने. १९९७ मध्ये ११ टक्के, १९९९ मध्ये १२ आणि २००० मध्ये १५. एक एक करत इतर राज्यंही आली, आणि २००६ पर्यंत अशी सवलत देणाऱ्या राज्यांची संख्या ३२ झाली. शेजारी देतोय म्हटल्यावर आपण न देऊन कसं चालेल? गल्लीतल्या एका दुकानाने 'सेल'ची पाटी लावली की चार दिवसांत अख्ख्या गल्लीत पाट्या लागतात, तसंच.

एक संस्था, सत्तावन्न शहरं

राज्यांची ही चढाओढ किती टोकाला जायची, याचं एक उदाहरण बघू. १९८२ मध्ये जपानने 'पाचव्या पिढीचे संगणक' हा मोठा सरकारी प्रकल्प सुरू केला. त्याला उत्तर म्हणून अमेरिकी कंपन्यांनी एकत्र येऊन संयुक्त संशोधनसंस्था काढावी, ही कल्पना पुढे रेटली कंट्रोल डेटाचे संस्थापक विल्यम नॉरिस यांनी. म्हणजे मिनेसोटाच्याच माणसाने. संस्थेचं नाव मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी कॉर्पोरेशन, थोडक्यात एमसीसी. प्रमुख म्हणून आले निवृत्त अॅडमिरल बॉबी इनमन.

ही संस्था कुठे वसवायची, यावर २७ राज्यांतल्या ५७ शहरांनी अर्ज केले. गव्हर्नर स्वतः मैदानात उतरले. १९८३ मध्ये निकाल लागला : ऑस्टिन, टेक्सस.

आता विचार करा. टेक्ससमध्ये तेव्हा कंपनीच्या उत्पन्नावर राज्याचा करच नव्हता. पण फक्त तेवढ्यावर हा निर्णय झाला असं म्हणता येत नाही, कारण संस्थेला स्वस्त जमीन आणि कमी कर देऊ करणारे बाकीचेही बरेच होते. ऑस्टिनच्या पारड्यात वजन पडलं ते टेक्सस विद्यापीठाचं. मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकशास्त्रात नवी प्राध्यापकपदं निर्माण करू, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पाठ्यवृत्त्या देऊ, विद्यापीठाच्या जागेवर इमारत उभारून नाममात्र भाड्याने देऊ, असं विद्यापीठाने आणि राज्यातल्या धनिकांनी मिळून कबूल केलं. इनमन स्वतः मूळचे टेक्ससचे आणि त्याच विद्यापीठाचे पदवीधर, हेही खरं. पाच वर्षांनी सेमीटेक ही चिप उद्योगाची संयुक्त संस्थाही ऑस्टिनलाच आली.

एमसीसी आज नाही. २००० साली तिच्या सदस्यांनी ती गुंडाळायचं ठरवलं. पण ऑस्टिन अजूनही अमेरिकेच्या मोठ्या तंत्रज्ञान-शहरांपैकी एक आहे. संस्था आली आणि गेली. प्राध्यापक, विद्यार्थी आणि त्यांनी काढलेल्या कंपन्या तिथेच राहिल्या.

हिशेब मांडला, तेव्हा

राज्यांच्या सवलतींनी काय साधलं, हे मोजायचं काम सॅन फ्रान्सिस्को फेडरल रिझर्व्ह बँकेतले अर्थशास्त्रज्ञ डॅनियल विल्सन यांनी केलं. त्यांचा शोधनिबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच 'शेजाऱ्याला भिकेला लावणं' अशा अर्थाचा अर्थशास्त्रातला जुना शब्दप्रयोग प्रश्नचिन्हासह आहे.

त्यांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. एका राज्यात संशोधन स्वस्त झालं की त्या राज्यात काय होतं? आणि इतर राज्यांत संशोधन स्वस्त झालं की या राज्यात काय होतं? पहिल्याचं उत्तर राज्यकर्त्यांना सुखावणारं होतं. सवलतीमुळे खर्च १ टक्क्याने कमी झाला, तर दीर्घकाळात त्या राज्यातलं कंपन्यांचं संशोधन सुमारे अडीच टक्क्यांनी वाढतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र थंड पाणी ओतणारं. स्पर्धक राज्यांत खर्च १ टक्क्याने कमी झाला, तर आपल्याकडचं संशोधन जवळपास तेवढंच, अडीच टक्क्यांच्या आसपास, घटतं. बेरीज केली तर देशपातळीवर परिणाम शून्याच्या जवळ.

हे कसं घडतं ते एका कल्पित उदाहरणाने बघू. एका कंपनीच्या दोन राज्यांत दोन प्रयोगशाळा आहेत. दुसऱ्या राज्याने सवलत जाहीर केली. कंपनीने पहिल्या ठिकाणचे पन्नास शास्त्रज्ञ दुसरीकडे हलवले. दुसऱ्या राज्याचा उद्योगमंत्री सभागृहात उभा राहून सांगतो, 'आमच्या धोरणामुळे पन्नास उच्चशिक्षितांना काम मिळालं.' तो खोटं बोलत नाही. त्याच्या वहीत पन्नासच वाढले आहेत. पण देशाच्या वहीत एकही वाढलेला नाही, आणि दुसऱ्या राज्याच्या तिजोरीतून कर मात्र गेला. उद्या पहिलं राज्यही तेवढीच सवलत देईल. शास्त्रज्ञ कदाचित परत येतील. मग दोन्ही तिजोऱ्या हलक्या आणि प्रयोगशाळा पूर्वी होत्या तिथेच.

आता मघाचा युक्तिवाद आठवा. सवलतीचं समर्थन काय होतं? ज्ञानाला कुंपण नसतं, त्याचा फायदा दूरवर पसरतो, म्हणून समाजाने भार उचलावा. पण फायदा जर राज्याच्या सीमेपलीकडे जाणार असेल, तर भार उचलायला योग्य कोण? ज्याच्या हद्दीत तो फायदा बऱ्याच अंशी राहील तो. म्हणजे देश. केंद्राच्या सवलतीवरचे अभ्यासही याला धरूनच आहेत. ब्रॉन्विन हॉल आणि जॉन व्हॅन रीनन यांनी २००० साली आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा साधारण असं दिसलं की एक डॉलर क्रेडिट दिलं की संशोधनाचा खर्च एका डॉलरने वाढतो. फार मोठा चमत्कार नाही, पण पैसे वायाही जात नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात, संशोधनाची सवलत देणाऱ्या राज्यांत नव्याने सुरू होणाऱ्या कंपन्यांची संख्या वाढलेली दिसली. पण तो परिणाम एका रात्रीत आला नाही. वर्षानुवर्षं हळूहळू साचत गेला. म्हणजे राज्याची सवलत अगदीच निरुपयोगी नाही. ती टिकली पाहिजे आणि नव्या माणसाच्या हाती पडली पाहिजे.

टिकणं मात्र सोपं नसतं. कॅलिफोर्नियात कंपन्यांना न वापरलेलं क्रेडिट पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवता येतं, त्यामुळे मोठ्या कंपन्यांकडे त्याचे ढीग साचले. कोविडच्या साथीत राज्याची तिजोरी आटली, तेव्हा २०२० मध्ये कायदा करून एका वर्षात वापरायच्या क्रेडिटवर ५० लाख डॉलरची मर्यादा घातली. २०२४ मध्ये तीच मर्यादा पुन्हा आली. अमेरिकेतल्या राज्यांना केंद्रासारखं मनमुराद कर्ज काढून दरसालचा खर्च चालवता येत नाही. त्यामुळे मंदी आली की राज्याचं वचन पहिलं मागे सरतं.

आपल्याकडे काय झालं?

आपली घटना वेगळी आहे. शेती सोडून बाकी उत्पन्नावरचा कर आणि कंपनीकर केंद्राच्या यादीत आहे. त्यामुळे महाराष्ट्र, गुजरात किंवा कर्नाटक कंपनीच्या उत्पन्नकरात क्रेडिट देऊच शकत नाही. संशोधनाची करसवलत आपल्याकडे पहिल्यापासून दिल्लीचा विषय. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ३५ ने संशोधनाच्या खर्चाची पूर्ण वजावट दिली. १९९७ च्या अर्थसंकल्पात, पी. चिदंबरम अर्थमंत्री असताना, त्यात नवं उपकलम आलं. औषधं, इलेक्ट्रॉनिक्स, रसायनं अशा ठरावीक उद्योगांतल्या कंपनीने स्वतःच्या प्रयोगशाळेत केलेल्या खर्चावर १२५ टक्के वजावट. प्रयोगशाळेला केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता हवी. जमीन आणि इमारतीचा खर्च धरायचा नाही.

पुढे दर १५० टक्के झाला आणि २०१०-११ पासून २०० टक्के. म्हणजे १०० रुपये खर्च केले की उत्पन्नातून २०० रुपये वजा. त्या वेळच्या ३० टक्के मूळ दराने, नेहमीच्या वजावटीपेक्षा वर ३० रुपयांचा फायदा. जगातल्या उदार सवलतींपैकी ही एक होती. पण अमेरिकेच्या आणि आपल्या सवलतीत एक मूलभूत फरक होता. अमेरिकेने निदान वाढीव खर्चच मोजायचा प्रयत्न केला. आपण सगळाच खर्च मोजला. गेल्या वर्षी शंभर कोटी खर्च केले आणि यंदाही शंभरच केले, तरी सवलत पूर्ण.

परिणाम काय? देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च २००८-०९ च्या सुमाराला देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.८ टक्क्यांच्या आसपास होता. २०२०-२१ मध्ये तो ०.६४ टक्के होता, आणि त्यात खासगी उद्योगाचा वाटा साधारण ३६ टक्के. सवलतीमुळे प्रमाण घटलं असं कोणी म्हणणार नाही. रुपयांत खर्च वाढला, औषध आणि वाहन उद्योगांनी खऱ्या प्रयोगशाळा उभारल्या. पण सवलत सगळ्यात उदार असताना प्रमाण वर गेलं नाही, हे आकडे सांगतात. २०१६ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी ती टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं. एप्रिल २०१७ पासून १५० टक्के, एप्रिल २०२० पासून १००. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांना २२ टक्के दराचा पर्याय मिळाला होता, आणि तो घ्यायचा तर अशा सवलती सोडायच्या. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक लाख कोटी रुपयांची संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजना मंजूर केली. तिचा भर करसवलतीवर नाही. कमी व्याजाचं दीर्घ मुदतीचं कर्ज आणि भागभांडवल, असा तिचा मार्ग आहे.

मग राज्यांची चढाओढ आपल्याकडे झालीच नाही का? झाली, पण दुसऱ्या मैदानात. विक्रीकर राज्यांच्या हातात होता. महाराष्ट्राने १९६४ मध्ये मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून सामुदायिक प्रोत्साहन योजना आणली. हेतू राज्यांतर्गत समतोलाचा. पुढच्या दशकांत देशभर विक्रीकर माफीची स्पर्धा लागली. शेजारी सात वर्षं माफी देतो, मग आपण नऊ देऊ, असा प्रकार. शेवटी सगळ्यांच्याच तिजोऱ्या गळायला लागल्या, तेव्हा नोव्हेंबर १९९९ मध्ये अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखाली मुख्यमंत्री एकत्र बसले आणि १ जानेवारी २००० पासून नव्या उद्योगांना विक्रीकराच्या सवलती देणं थांबवायचं ठरलं. अमेरिकेतल्या राज्यांना जे जमलं नाही, ते आपल्याकडे निदान कागदावर तरी एका बैठकीत झालं.

चढाओढ मात्र संपली नाही. २००३ मध्ये केंद्रानेच हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडला दहा वर्षांची अबकारी करमाफी दिली. बघता बघता हिमाचलमधलं बद्दी औषधनिर्मितीचं मोठं केंद्र बनलं. डोंगरी राज्यांना रोजगार मिळाला, ही जमेची बाजू. पण आधी महाराष्ट्रात आणि गुजरातेत होणारं बरंच उत्पादन तिकडे गेलं. विल्सन यांनी अमेरिकेत प्रयोगशाळांबद्दल जे मोजलं, ते आपल्या औषध कारखान्यांच्या मालकांना मोजायची गरज पडली नाही. त्यांनी ते केलंच.

तीनशे एकाहत्तर एकर

जाता जाता एक जुनी गोष्ट. जमशेटजी टाटांना भारतात उच्च दर्जाची विज्ञानसंस्था काढायची होती. पैसा मुंबईचा होता, त्यांच्या मुंबईतल्या मालमत्तेतून उभा राहणारा. संस्था कुठे व्हावी हे ठरवायला रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांना बोलावलं. त्यांनी बंगळुरूचं नाव सुचवलं. म्हैसूर संस्थानाने १९०७ मध्ये ३७१ एकर जमीन दिली आणि दरवर्षी अनुदान देऊ केलं. टाटा १९०४ मध्येच गेले होते. १९०९ मध्ये भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली.

म्हैसूरनेही एका परीने संशोधन आपल्याकडे ओढूनच घेतलं. मग त्यात आणि आजच्या सवलतीत फरक काय? फरक हा की म्हैसूरने दिलेलं उचलून दुसरीकडे नेता येत नव्हतं. जमीन तिथेच राहिली, संस्था तिथेच वाढली, आणि शंभर वर्षांत तिथून बाहेर पडलेल्या माणसांभोवती विमान उद्योग, अवकाश संशोधन, संगणक उद्योग जमत गेले. पुण्यातही हेच दिसतं. १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आली, १९६६ मध्ये वाहन उद्योगाची एआरएआय ही संशोधनसंस्था. आज कंपन्या पुण्यात संशोधन केंद्र काढतात तेव्हा त्यांना तिथली तयार माणसं हवी असतात.

तेव्हा मंडळी, तुम्ही इंदूरला असा, बेळगावला, बडोद्याला किंवा हैदराबादला, तुमचं राज्य उद्या संशोधन केंद्रासाठी सवलत जाहीर करेल तेव्हा तीन प्रश्न विचारा. हे काम सवलत नसती तरी झालं असतं का? ते नव्याने सुरू होतंय की शेजारच्या राज्यातून उचलून आणलंय? आणि सवलत संपल्यावर, कंपनी निघून गेल्यावर, आपल्या गावात काय उरेल? पहिल्या प्रश्नावर अमेरिकेचा कायदा आठ वर्षं चाचपडला. दुसऱ्याचं उत्तर विल्सन यांनी आकड्यांत दिलं. तिसऱ्याचं उत्तर आपल्या विद्यापीठांमध्ये शोधावं लागेल, आणि तिथे रिकाम्या राहिलेल्या प्राध्यापकपदांची यादी कोणत्याही करसवलतीपेक्षा जास्त बोलकी असते. ती भरायला नवा करकायदा लागत नाही.